शनी कुणाचा मोठा

वाशीच्या आकाशमित्र मंडळात दुर्बिणीवरून उभी फूट पडली होती. झुबेर 'फलकबीन' कंपनीचा भक्त आणि शंभू 'नभनेत्र'चा. दोघांनाही कंपनीची जाहिरात तोंडपाठ होती, नक्षत्रं तेवढी पाठ व्हायची राहिली होती. मंडळासाठी कोणती दुर्बीण घ्यायची, ते अध्यक्ष उत्तरेश्वर सर ठरवणार होते. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा. 'फलकबीन हरली तर मंडळ सोडीन,' असं झुबेर ग्रुपवर जाहीर करून बसला होता.

अंधार पडताच सरांच्या गच्चीवर दोन्ही दुर्बिणी शनीवर रोखल्या गेल्या. सरांनी आधी नभनेत्रला डोळा लावला.

"बारीक दिसतोय रे. ज्वारीच्या दाण्याएवढा."

"म्हणलं न्हवतं सर? ती दुर्बीण न्हाय, चुलीची फुंकणी हाय," झुबेर म्हणाला.

"गप ए, कंपनीचा जावई!" शंभू उखडला.

मग सर फलकबीनकडं वळले, आत डोकावले आणि दचकून दोन पावलं मागं सरले.

"अरं बाप रे! केवढा मोठा! कडं बी दिसतंय त्याचं. पार अंगावर आल्यागत वाटलं बघ."

झुबेरची छाती फुगली. शंभूनं आपल्या दुर्बिणीला टोपण लावायला घेतलं.

सरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि निकाल दिला.



"नभनेत्रच घेऊ. माझी मीन रास हाय, साडेसाती ऐन भरात हाय. त्यो जेवढा लांब दिसंल तेवढा बरा."