वारुळाच्या पुढची कथा

"दरसाली वाल्याची कथा वारुळापाशीच सोडून पळत येतीस," अंथरुणाला खिळलेले माणिकराव म्हणाले. "आज शेवटपर्यंत ऐकून ये."

"मग तुमची कूस कोण बदलंल?" इंद्राबाईंनी विचारलं.

"तेवढ्यात मला काय मुंग्या लागत न्हाईत. जा."

मी शेजारीण, इंद्राबाईंना सप्ताहाच्या मंडपात घेऊन गेले. उदगीरचे महाराज रंगात आले होते. वाल्या नाम घेत बसला, जागचा हलला नाही, अंगावर वारूळ चढलं. एरवी इंद्राबाई इथंच उठायच्या. आज उठल्या नाहीत. पाहते तर सतरंजीवर कलंडून गाढ झोपलेल्या. हलवायला पुढं केलेला हात मी मागं घेतला. तिकडं वाल्याचा ऋषी झाला, आरती झाली, तरी त्यांना जाग नव्हती.

घरी पोचलो तशी माणिकरावांनी विचारलं, "मग, निघाला का वारुळातून?"

"निघाला की. लई तेज होतं तोंडावर."

इंद्राबाईंच्या गालावर सतरंजीचे वळ उमटले होते. माणिकराव त्यांच्याकडं बघत राहिले.

"हाव, दिसायलंय," ते म्हणाले. "उद्याबी जा."