नवा खड्डा

तिकडं इजिप्तमध्ये लढाई पेटली, सुएझचा कालवा बंद झाला आणि मँगनीज नेणारी जहाजं अडकली. परदेशी गिऱ्हाईक तुटलं, तशी इकडं उकवा गावाजवळची एक खाण बंद पडली. मजूर एकेक करून बिऱ्हाड उचलून भिलाईला निघाले. महागू आणि त्याची बायको अनुसया मात्र जंगलातल्या मोळ्या विकत तिथंच राहिले.

"खान सुरू होयाची वाट पाहून राह्यले का?" जाणारे हसून विचारत.

"हौ," एवढंच महागू म्हणे.

कित्येक वर्षांनी कालवा उघडला आणि मालाला पुन्हा मागणी आली. गेलेली माणसं परतली. खाणीवर नारळ फुटला, पेढे वाटले गेले. नव्या खड्ड्यासाठी नाल्याकाठी चुन्याची रेघ मारायला सुरुवात झाली, तशी अनुसया धावत गेली आणि त्या जमिनीवर आडवी पडली.

"काहून आडवी येतं, बाई?" मुकादम दुलीचंद ओरडला. "तुमच्याच पोटासाठी त खान सुरू होऊन राह्यली!"

 

"माही तान्ही लेक इथी पुरली हाय, भाऊ. तिले एकटीले सोडून जाववत नव्हतं, म्हणून त आमी राह्यलो होतो."