सरांची लेक

विद्यापीठाच्या सभागृहात भौतिकशास्त्राचे दाबके सर बारावीच्या मुलांना आणि पालकांना रंगून सांगत होते, "भौतिकशास्त्र शिका. वेधशाळा, अंतराळ संशोधन, कर्करोग रुग्णालयं, सगळीकडे तुमची गरज आहे."

समोरच बसलेली एक मुलगी भान हरपून ऐकत होती. तिच्या आईने विचारलं, "सर, तुमची मुलं काय शिकतात?"

सर चाचरत म्हणाले, "एकच मुलगी आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला. तिला भौतिकशास्त्रच हवं होतं... मीच नको म्हणालो."

सभागृहात हशा पिकला. "मग आमच्याच पोरीला कशाला भरीला घालता?" म्हणत बाईंनी मुलीला दंडाला धरून उठवलं.

"सर, तुम्ही सांगा ना आईला!" मुलगी दारातून कळवळून म्हणाली.

पण सर कोणत्या तोंडाने सांगणार?