हजार वर्षांचा खांब

इतिहासाचे मास्तर निवृत्त झाल्यापासून सायकल क्लबच्या मंडळींना जुनी देवळं दाखवत हिंडायचे. त्यांच्याशी म्हणे दगडसुद्धा बोलायचे. माणसांना मात्र ते बोलायला सवडच देत नसत. त्या दुपारी देवळासमोरच्या खानावळीत जेवतानाही त्यांची टकळी चालूच होती.

"दारातल्या खांबावरची ती वेल पाहिलीत? हजार वर्षांपूर्वीचा हात आहे तो! आताच्यांना साधी भिंत सरळ बांधता येत नाही. तसे कारागीर कधीच मेले हो!"

मास्तर हळहळले आणि त्यांनी आणखी वाढायला सांगितलं.

शेजारच्या टेबलावर, भुवयांवर दगडाची भुकटी घेऊन बसलेल्या पाथरवटानं शांतपणे घास गिळला.

 

"मेलो नाही मास्तर, जेवतोय. जुना खांब पडला, म्हणून हा मागच्या वर्षी मीच घडवला."