ओरडणारं माणूस

“पोरीला आज रागावली नाहीस, तर उद्या रडशील. देवसुद्धा आपल्याच लेकरांना दटावतो,” असं सासूबाईंनी बजावलं, तेव्हा बालमानसशास्त्र शिकलेली सुष्मिता हसली होती. कुंभकोणमला कावेरीच्या पात्रात नवं, ओढीचं पाणी आलं, त्याच दुपारी तिची लेक एस्तर घाटाच्या शेवटच्या पायरीवर दिसली. सुष्मितानं लेकीला दंडाला धरून ओरडतच घरी आणलं. पोर आता कायमची रुसणार, या धास्तीनं सुष्मिता संध्याकाळच्या प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवून बसली. एस्तरची प्रार्थना म्हणायची वेळ आली. “प्रभू, अम्मा फार ओरडली. समोरच्या घरातली माझी मैत्रीण हरिणी, तिला कुणीच ओरडलं नाही, ती अजून पायरीवरच बसलीय. तिलाही ओरडणारं माणूस दे.” आमेनसाठी न थांबता सुष्मिता धावली. हरिणीला तिनं असं झापलं, की पोरगी खुशीत तिचा हात धरून घरी जेवायलाच आली. तुमच्या शेजारच्या लेकराला ओरडायला कोणी आहे ना? जरा बघून या.