नेमकं काय चुकलं

चेन्नईजवळ सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कीर्तना कंपायलरचे, म्हणजे प्रोग्रॅम तपासून त्यातल्या चुका दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, एरर मेसेज लिहायची. चूक कोणत्या ओळीत आहे आणि ती कशी सुधारायची, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मेसेजमधून कळलंच पाहिजे, असा तिचा मॅनेजर विश्वेश याचा आग्रह. "नुसतं 'चुकलं' म्हणणं हा उद्धटपणा आहे," असं म्हणून तो तिचे मेसेज परत पाठवायचा.

यंदाच्या अप्रेझलमध्ये त्याने तिला सगळ्यांत खालचा शेरा दिला. 'कामगिरी असमाधानकारक', एवढंच.

"सर, माझं नेमकं कुठं चुकलं?" तिने विचारलं.

"एकंदरीतच," तो इंग्रजीत म्हणाला.

"एक मेसेज दाखवा. एक ओळ दाखवा." तिचा आवाज चढला. काचेपलीकडची डोकी वर झाली.

विश्वेशने केबिनचं दार लावून घेतलं आणि तो मराठीवर आला. त्या ऑफिसात मराठी दोघांनाच येई; तो पुण्याचा, ती तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली. "हे बघ, दर वर्षी टीममधल्या कुणाला तरी सगळ्यांत खाली टाकावंच लागतं. तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस, म्हणून तुझं नाव घातलं. आपल्यातली म्हणून सांगतोय."

"मग तसंच लिहा की."

"असं लिहितात का कुठे?"

कीर्तना जागेवर येऊन बसली. रजेबद्दलचं त्याचं वाक्य तिने जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं, त्याच्या नावानिशी, आणि एचआरला पाठवून दिलं.