बारावा सेकंद

भरपाईच्या सुनावणीत विमा कंपनीच्या वकिलानं पडद्यावर लावलेला व्हिडिओ तिनंच हौसेनं स्टेटसला ठेवला होता. परांचीवरून पडून कंबर मोडलेला तिचा गवंडी नवरा त्यात वॉकर सोडून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आमचे हे उठले एकदाचे!’ व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता. बाराव्या सेकंदाला नवरा धाडकन कोसळला होता. पण चारचौघांत शोभा नको, म्हणून तेवढं तिनं कापून फोनमधूनही पुसलं होतं. “साहेब, पुढं पडले हो ते, गळ्याशपथ सांगते!” ती न्यायाधीशांना म्हणाली. “मग ते दाखवा,” वकील म्हणाला. ती उगाच फोन चाळू लागली, तसा नवरा वॉकर न धरताच तिच्यासाठी बोलायला उठला आणि टेबलावर आपटून जमिनीवर आला. “नाटकही जमतं की,” वकील पुटपुटला. आज सगळ्यांनी त्याला पडताना पाहिलं, आणि विश्वास कुणाचाच बसला नाही.